भुजंगप्रयातातली जीप

३ जानेवारी, पहाटे

धडाडा धडाडा धडाडा धडाडा.

आज पुन्हा ऐकू आला तो आवाज. लहानपणचा, जसाच्या तसा. चौथीचा वर्ग, मास्तर कविता म्हणून घेताहेत, आणि खालच्या वळणावरून मोजणीखात्याची जीप चढ चढते आहे. एक लघु, दोन गुरू. एक लघु, दोन गुरू. शुद्ध भुजंगप्रयात. सगळा वर्ग कविता सोडून जीपच्या ठेक्यावर डोलू लागला. मास्तरांनी छडी उचलली ती हातातच राहिली. तेही ऐकत बसले.

तशी जीप पुढे कधी भेटली नाही. हल्लीच्या गाड्या नुसत्या कुजबुजतात.

हिला उठवून सांगितलं. ही म्हणाली, पाण्याची मोटर चालू राहिली असेल, बंद करा आणि झोपा.

(मोटर खरोखरच चालू होती. पण तो योगायोग.)

५ जानेवारी

संकल्प: जीप आणायची. तीच, त्याच बनावटीची, चारी चाकांना जोर असलेली. इथे आता ती उरलेली नाही. एक आहे, हॉटेलच्या दारात, बॉनेटमध्ये माती भरून शोभेची झाडं लावलेली. तिच्यासमोर उभा राहिलो तर डोळे भरून आले. वेटर म्हणाला, काका, आत जागा आहे, बाहेर कशाला थांबता.

तेव्हा परदेशातून आणायची. मेहुणा मालवाहतुकीच्या कंपनीतून निवृत्त झाला आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. नसतं तेव्हा जरा जास्तच. फोनवर बजावून बजावून सांगत होता, भाऊजी, जुनी गाडी बाहेरून आणता येते, पण ती कारखान्यातून निघाली तशी हवी. इंजिन तेच, पत्रा तोच. त्यात बोट घातलंत की ती जुनी राहत नाही. मी हो हो म्हटलं. नियम बारीक टाइपात असतात आणि माझ्या डोळ्यांना बारीक टाइप सोसत नाही.

८ जानेवारी

हिला सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, ठेवणार कुठे? म्हटलं, गॅरेजात. म्हणाली, गॅरेजात माझा शिवणाचा क्लास आहे.

हे मला माहीत होतं, पण इतक्या स्पष्टपणे कधी लक्षात आलं नव्हतं. तिथे मशीनं आहेत, चिंध्या आहेत, दुपारी बायका असतात, एवढं अंधूक ठाऊक होतं. मी समजूत घातली. क्लास काय, कुठेही होतो. जेवणाच्या टेबलावर होतो. म्हणाली, आणि जेवण? म्हटलं, ताट मांडीवर घेऊ.

ही काही बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे संमती, असं मी लग्नापासून धरून चालतो. आजवर अडचण आलेली नाही.

१२ जानेवारी

इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या जीप पुष्कळ. लोक रंग बघतात, टायर बघतात. मी प्रत्येकाला एकच लिहिलं: कृपया चढावर चालवून इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने विचारलं, तब्येत बरी आहे ना. दोघांनी पाठवले.

पहिलीचा आवाज: सगळे गुरू. धाडा धाडा धाडा. ओवी नाही, अभंग नाही, नुसती मारामारी.

दुसरी बरी सुरू होते, पण दर तिसऱ्या गणाला खोकते. वृत्तभंग. नाकारली.

ही म्हणाली, लग्नाच्या वेळी मला एवढं पारखून घेतलं नव्हतं.

१९ जानेवारी

सापडली.

दूरदेशीच्या एक वृद्ध बाई. त्यांचे यजमान जंगलखात्यात होते, आता नाहीत. जीप त्यांची. बाईंनी स्वतः चालवून, फोन मांडीवर ठेवून आवाज धाडला. कान लावला आणि हातातला चष्मा खाली पडला. धडाडा धडाडा धडाडा धडाडा. मध्ये एकदा त्यांचं कुत्रं भुंकतं, त्या त्याला दटावतात, तेसुद्धा बरोबर यतीच्या जागी.

दिवसभर ऐकला. हिलाही ऐकवला. क्लासच्या बायकांनाही. एकीने विचारलं, मळणीयंत्र आहे का.

बाईंनी सोबत लिहिलं आहे, की गिऱ्हाईकं बरीच आहेत, पण त्या गाडी कोणालाही देणार नाहीत. "ज्या घराच्या अंगणात उभी राहून ती गंजेल त्या घरी मला ती नको. जो तिला डोंगरात नेईल त्याला देईन, कमी पैशांतही देईन. डाव्या दाराला मोठा पोचा आहे. मी दवाखान्यात होते तेव्हा हे बर्फातून येताना झाडाला धडकले. तो पोचा मात्र काढू नका." असं सगळं. सरळ, साधं गद्य.

२० जानेवारी

बाईंना उत्तर लिहिलं. दिवस गेला, पण अक्षर अन् अक्षर जमलं.

लिहिलं, की मी डोंगरात राहतो. (हवा स्वच्छ असली तर गच्चीवरून डोंगर दिसतात. दिसतात म्हणजे आपण त्यांतलेच.) लिहिलं, की दर रविवारी मोहिमेवर जातो. (रविवारी मंडईत जातो. तीही मोहीमच.) वयाचा उल्लेख टाळला, फोटो तेवढा जोडला. कवीला वय नसतं. शेवटी स्वतः रचलेल्या दोन ओळी जोडल्या, अर्थासकट:

निघाली निघाली पहाडांत गाडी
पळू लागली ही कडेचीच झाडी

"कडेचीच" मधला च भरीचा आहे. पण चढावर गाडीलाही मधूनच जादा रेस द्यावी लागते.

हिने वाचायला मागितलं. म्हटलं, खासगी आहे. म्हणाली, त्यात खरं किती आहे? म्हटलं, भाव सगळा खरा आहे.

२७ जानेवारी

बाईंनी होकार दिला. गिऱ्हाईकांतून मला निवडलं. लिहितात, तुमच्या ओळी वाचून मी गाडीजवळ जाऊन बसले. पोच्याचं तेवढं लक्षात ठेवा.

अंगणात दोन गिरक्या घेतल्या. कंबर धरली. कंबर धरल्यावरही आनंद ओसरला नाही, हे नमूद करण्यासारखं.

४ फेब्रुवारी

ठेव मोडली. ही म्हणाली, दोघांच्या नावावर होती ना. म्हटलं, जीपही दोघांची. म्हणाली, मग माझ्या वाटणीची चाकं काढून द्या, विकून टाकते.

लेकीचा फोन. एकुलती एक, म्हणून जरा जास्त बोलते. विचारत होती, बाबा, पण तुम्हाला गाडी चालवता येते का? म्हटलं, लायसन्स आहे. म्हणाली, ते माझ्या जन्माआधीचं आहे. म्हटलं, म्हणजे अनुभव तेवढा मोठा.

९ फेब्रुवारी

उजळणी म्हणून ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन आलो. शिकवणारे मास्तर माझ्यापेक्षा लहान, पण स्वभावाने वडीलधारे. वळताना मी सहज एक ओळ गुणगुणत होतो, तर म्हणाले, काका, आधी आरसा बघा, मग कविता. रस्त्यात ठेवलेले ते नारिंगी टोपीसारखे खांब काही पडले. मला वाटतं ते मुळातच नीट उभे केलेले नव्हते.

मास्तर म्हणाले, तुम्ही उद्या येऊ नका, परवाही नको, मी फोन करतो.

याचा अर्थ मला शिकवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

गाडी बाईंच्या गावाहून तिकडच्या बंदरावर पोचली. तिथल्या एजंटाचं पत्र. बंदरालगत त्याच्या ओळखीचं वर्कशॉप आहे. जहाज यायला वेळ आहे, तेवढ्यात गाडी नव्यासारखी करून देऊ का? नवं इंजिन, नवी दारं, चकाचक रंग. खर्च बेताचा. हे इंजिन थकलं आहे, म्हणतो.

विचारात पडलो. एवढ्या लांबचा प्रवास, थकलेलं इंजिन. लग्नात नवरी माहेरून येते तीसुद्धा नटूनथटून येते.

आवाजाचं काय, हा प्रश्न मनात आला. पण खोल विचार केला. वृत्त शब्दांत नसतं, चालीत असतं. शब्द बदलले तरी वृत्त राहतं. तसं इंजिन बदललं तरी धडाडा राहणार. तो जीपच्या हाडात आहे.

"करा," असं उत्तर दिलं. रंग शेवाळी सांगितला.

पोच्याचं बाईंना आत्ता कळवायला नको. वेळ आली की कळवू. नवं दार बघून त्याही खूश होतील. त्यांना तो पोचा आवडतो असं त्या म्हणतात, पण सवयीलाच माणूस आवड म्हणतो.

१८ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन आला होता. त्याला वर्कशॉपचं सांगितलं नाही. आनंदात विरजण घालायची त्याला सवय आहे.

२ मार्च

हिने गॅरेज रिकामं केलं. मी मदत करणार होतो, पण कंबर. क्लास जेवणाच्या टेबलावर येईल म्हणून मी पेपर उचलून वाट बघत बसलो. आलाच नाही. हिने कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर खोली घेतली म्हणे. मला विचारलं नाही. म्हटलं, विचारलं नाहीस? म्हणाली, तुम्ही बोलला नाहीत, मी संमती समजले.

गॅरेज रिकामं फार सुंदर दिसतं. झाडून घेतलं. भिंतीवर खडूने जीपची बाह्याकृती काढली.

२१ मार्च

जहाज निघालं. बाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कुठे नेणार? लिहिलं, नदीपार.

११ एप्रिल

गॅरेजात मध्यभागी स्टूल ठेवून बसलो. समोर हात धरले, स्टिअरिंगच्या मापाचे. तोंडाने हलकेच धडाडा. रिकाम्या खोलीत काय घुमतं. दुसरा गिअर, तिसरा गिअर. घाट लागला. वळणावर शेजारच्या डॉक्टरीणबाई कुंपणातून बघत होत्या. मी हॉर्न देऊन त्यांना बाजूला केलं.

संध्याकाळी त्या हिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. हिचं ऐकू आलं, नाही हो, पहिल्यापासून असेच आहेत.

२९ एप्रिल

जहाज लागलं. जीप इकडच्या बंदरात आहे. माझ्याच देशात. मी आणि ती एकाच वेळी एकाच हवेत श्वास घेतो आहोत.

आजच बाईंचं पत्र: पोचली का? चालवली का? कशी वाटली?

काय लिहायचं. अजून कागद व्हायचे आहेत, असं रुक्ष उत्तर द्यायचं? त्या वाट बघत असतील. लिहिलं, "चालवली. वाऱ्यासारखी आहे." उद्या नाहीतर परवा ते खरं होणारच. फक्त काळ चुकला. व्याकरणात यालाही काहीतरी नाव असेल.

३ मे

बंदरावर गेलो. हीही आली, डबा घेऊन.

जीप पाहिली. शेवाळी सांगितला होता, पोपटी दिला आहे. लांबून कोणी प्रचंड टोळ बसवून ठेवला आहे असं वाटतं. पण बाळसं मात्र छान. दारं गुळगुळीत. पहारेकऱ्याच्या हातापाया पडून एकदा चालू करायला लावली.

सूं.

नुसतं सूं. लघु नाही, गुरू नाही, यती नाही. मुक्तछंद.

मुक्तछंदाचं मला वावडं नाही. पण ऊर भरून येत नाही. ही म्हणाली, हा का तो आवाज? म्हटलं, सपाट जमीन आहे, चढावर खुलेल.

मग कस्टम्सचे साहेब आले. चष्मा कपाळावर, आवाज शांत. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं. विचारलं, गाडी नवी आहे का? म्हटलं, नाही. मग जुनी आहे का? म्हटलं, आत्म्याने जुनी आहे. साहेब म्हणाले, फॉर्मवर आत्म्याचा रकाना नाही.

त्यांनी समजावून सांगितलं. गाडी नवी असती तर एका टेबलावर गेली असती, जुनी असती तर दुसऱ्या. ही कोणत्याच टेबलावर बसत नाही. इंजिन नवं, दारं नवी. जुनं राहिलं काय, तर नंबर. अशी गाडी देशात येऊ शकत नाही. मी म्हटलं, पण ती आलीच आहे. साहेब म्हणाले, कागदावर ती अजून समुद्रातच आहे.

येताना बसमध्ये ही एवढंच म्हणाली, दादाने सांगितलं होतं ना. डबा तसाच परत आला.

४ मे

मेहुण्याने फोनवर "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हटलं. शेवटची चाल बरी होती.

१५ मे

पुन्हा बंदरावर. साहेबांना माझी कविता वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. नंतर म्हणाले, काका, एकच मार्ग आहे. मूळ इंजिन आणि मूळ दारं आणा, गाडीला बसवा, आणि आधीच्या मालकांकडून लिहून आणा, की गाडीचे मूळ भाग ते हेच. जुलैअखेरपर्यंत मुदत देतो. नाही आणलंत तर गाडी कटरखाली जाईल. आमच्याकडे अंगण लहान आहे.

कटर म्हणजे काय ते त्यांनी बोटाने दाखवलं. एका कोपऱ्यात चौकोनी पत्र्यांचे गठ्ठे होते. चहाच्या पेट्यांएवढे.

रात्री जेवण गेलं नाही. कविता मात्र सुचली:

उभी एकटी तू किनाऱ्यावरी गे
इथे मी रिकाम्या घराशी उभा गे

हिने वाचली. म्हणाली, रिकाम्या घराशी? मग वरण कोण वाढत होतं तुम्हाला?

१७ मे

ही म्हणते, त्या बाईंना खरं काय ते लिहून टाका. चार ओळी. चुकलं, इंजिन बदललं, दार बदललं, आता तुमच्या सहीवाचून गाडी मोडीत जाईल. त्या काय खाणार आहेत का तुम्हाला.

हिला काव्यातलं कळत नाही. चार ओळींत एवढं मावणार नाही, खंडकाव्य लागेल. शिवाय बाईंचं कालचंच पत्र समोर आहे. नदीचं विचारतात.

संकल्प: उद्या खरं लिहायचं.

१८ मे

लिहिलं. नदीचं लिहिलं.

ओघात लिहीत गेलो. पाणी गुडघाभर, मग बॉनेटपर्यंत, पलीकडे काठावर हरणं उभी. वाचून मलाच ओलं झाल्यासारखं वाटलं.

२६ मे

बाईंचं उत्तर. फार आनंद झाला म्हणतात. विचारलं आहे, पाण्यात तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरवर घालता की पहिल्या? हे नेहमी पहिल्यावर घालत.

लिहिलं, दोन्हींच्या मधोमध.

१० जून

मोहिमांची पत्रं आता दर आठवड्याला जातात. आतापर्यंत एक खिंड, दोन जंगलं, एक वादळ. वादळात डाव्या दाराने मला वाचवलं असं लिहिलं, कारण बाईंनी पोच्याची खुशाली विचारली होती. "पोचा मजेत आहे," असंही लिहिलं.

लिहिण्यात इतका रमतो, की बंदराचा विसर पडतो. मग रात्री कूस बदलताना चहाच्या पेटीएवढा पोपटी गठ्ठा दिसतो.

संकल्प: सोमवारी नक्की खरं लिहायचं. सोमवार हा सत्याला बरा वार आहे.

१६ जून, सोमवार

डोकं दुखत होतं.

२१ जून

हिच्या माडीवर जाऊन आलो. बायका दुप्पट झाल्या आहेत. दारावर पाटी. मला बघून एकीने खुर्ची दिली, एकीने विचारलं, काकांची गाडी आली का? ही मशीनवरून मान न उचलता म्हणाली, रोज जंगलात जाते, फक्त आम्हाला दिसत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसलो. नंतर लक्षात आलं, की हिने माझी पत्रं वाचली आहेत.

परत येताना हिला म्हटलं, दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत. म्हणाली, दुसऱ्याला खोटी लिहू नयेत.  फाटकाशी आल्यावर म्हणाली, बाई एकट्या आहेत हो. तुमचं पत्र आलं की त्यांचा आठवडा जात असेल. त्यांना पुढे कळलं, तर काय वाटेल ते वाटेलच, पण गाडी तरी वाचवा. ती त्यांच्या नवऱ्याची आहे, तुमची नव्हे.

हे मला लागलं. पण वाक्य गद्य होतं.

३० जून

सुवर्णमध्य सुचला. बाईंना न दुखवता काम होईल. थेट एजंटाला लिहिलं, की वर्कशॉपमध्ये काढून ठेवलेलं जुनं इंजिन आणि दारं ताबडतोब इकडे पाठवा. सहीचं मग पाहू. बाईंना "स्मरणिका" म्हणून एका कागदावर सही द्यायला सांगता येईल.

मन इतकं हलकं झालं, की गॅरेजात जाऊन अर्धा तास घाट चढलो.

१२ जुलै

एजंटाचं उत्तर. जुने भाग वर्कशॉपने ठेवलेले नाहीत. असला माल मूळ मालकाच्या पत्त्यावर परत पाठवायची तिथे पद्धत आहे, त्याप्रमाणे मोठ्या खोक्यात भरून, भाडं वर्कशॉपने सोसून, सवडीने, मालगाडीने बाईंच्या घरी रवाना केला. गेल्या महिन्यातच पोचला असेल.

आधी पत्र दोनदा वाचलं. मग शांतपणे विचार केला आणि हायसं वाटलं. म्हणजे इंजिन सुखरूप आहे. भंगारात गेलं नाही. जाणत्या हातांत आहे. बाईंना काय, वाटेल, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं चुकून आलं. जुन्या जीपची इंजिनं दिसायला सारखीच असतात.

हिला सांगितलं. ही शिवता शिवता थांबली. म्हणाली, आणि दार? पोचा पडलेलं दार कोणत्या दुसऱ्या गाडीचं?

या बाजूने मी विचार केला नव्हता.

१३ जुलै

या महिन्यात बाईंचं एकही पत्र नाही. बहुधा तिकडे सुट्ट्या असतील.

१७ जुलै

पत्र नाही. मी मात्र एक धाडलं. धबधब्याचं. चांगलं उतरलं आहे.

२० जुलै

पत्र नाही. साहेबांचा फोन मात्र आला. आपुलकीने विचारत होते, काका, काही जमतंय का, कारण कटरवाल्याला तारीख द्यायची आहे.

म्हटलं, जमत आलं आहे. फोन ठेवला. साखरेच्या डब्यात ठेवला होता, संध्याकाळी सापडला. वय.

संकल्प: उद्या बाईंना सगळं लिहायचं. मूठभर ओळी, अलंकार नाहीत. मसुदा मनात तयार आहे. सुरुवात तेवढी सुचायची आहे.

२२ जुलै, दुपार

घाईत लिहितो आहे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून.

ही क्लासला गेली होती. मी गॅरेजात, तिसऱ्या गिअरवर. बेल वाजली. वाटलं बंदराचा माणूस नोटीस घेऊन आला. दार उघडलं.

उंच, वयस्क बाई. केस पांढरे, कापलेले. पायांत डोंगर चढायचे जाड बूट, खांद्याला लहानशी बॅग. नमस्कार म्हणाल्या. ओळखायला क्षणही लागला नाही. त्या रेकॉर्डमध्ये कुत्र्याला दटावणारा आवाज हाच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून अंगणात, मग उघड्या गॅरेजात. तिथे स्टूल होतं. मग लांबवर, जिथे डोंगर असायला हवे होते तिथे. आज हवा स्वच्छ नाही.

मग माझंच पूर्ण नाव उच्चारलं, उच्चार चुकीचा पण फार आदराने, आणि विचारलं: आपण त्यांचे वडील का?

त्यांच्याकडे माझा जो फोटो आहे तो नोकरीला लागलो तेव्हाचा. नवा पाठवायचं राहून गेलं होतं.

मी हो म्हणालो.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. चिरंजीव मोहिमेवर आहेत. जीप घेऊनच. पलीकडच्या खोऱ्यात. तिथे फोन लागत नाही. केव्हा येतील ते सांगता येत नाही, त्यांचा स्वभाव लहानपणापासून असाच. मी बाप म्हणून थोडी तक्रारही केली.

बाई शांतपणे ऐकत होत्या. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या. मग बॅगेतून एक लाकडी मूठ काढून त्यांनी टेबलावर ठेवली. गिअरची. वापरून वापरून काळी झालेली. म्हणाल्या, घरी एक खोकं आलं, त्यात ही होती. यजमानांनी स्वतः कोरलेली. दारही होतं. म्हटलं, पत्रात विचारण्यापेक्षा समोरासमोर विचारावं.

मी म्हटलं, मुलगा आला की सांगतो.

म्हणाल्या, सांगायला कशाला, मी थांबते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. आणि खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

चहा टाकतो म्हणून आत आलो. पाणी केव्हाचं उकळतं आहे. फाटक वाजलं. चपलांचा आवाज हिचाच. आज क्लास लवकर सुटला वाटतं.

हिला आता दारातच गाठून सांगायला हवं, की आपल्याला एक मुलगा आहे.